सूर्य गावाचा, तार कोणाची?



विजेचे कायदे हा विषय श्रोत्यांना रुक्ष वाटेल, अशी भीती मी चालकांपाशी बोलून दाखवली होती. त्यांनी ती मनावर घेतली नाही. तेव्हा आजच्या रुक्षतेत त्यांचाही थोडा वाटा आहे.

आरंभ आपल्याच शहरापासून करतो. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यात ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ काढली. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो १९०४ साली. मंडळी आधी, कायदा पंधरा वर्षांनी. पैसा सभासदांचा, विश्वास परस्परांचा; कायद्यावाचून अडले नाही. विजेचे मात्र तसे नाही. गावाने पवनचक्की उभारली किंवा सौरपटल बसवले, तरी त्याची वीज दुसऱ्याच्या तारेवरून जाते. ती तार खुली आहे काय, पलीकडे घेणारा बांधलेला आहे काय, आणि दर किती वर्षांचा, हे कायदाच ठरवतो.

डेन्मार्कचे उदाहरण पाहा. तेथे शेजाऱ्यांनी भाग घेऊन पवनचक्क्या उभारल्या, कारण त्यांची वीज ठरावीक दराने घेण्याचे बंधन वीज कंपन्यांवर होते. कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली मिडलग्रुंडेनच्या २० पवनचक्क्या फिरू लागल्या. एकूण ४० मेगावॉटपैकी निम्मा वाटा आठ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेचा. परंतु १९९९ च्या वीजसुधारणेत नव्या पवनचक्क्यांसाठी निश्चित दराची हमी संपवण्यात आली आणि नव्या सहकारी संस्था निघणे जवळजवळ थांबले. पुढे २००९ पासून नव्या प्रकल्पाचे किमान २० टक्के भाग प्रथम स्थानिक रहिवाशांपुढे ठेवण्याची सक्ती आली; २०२० मध्ये तीही काढण्यात आली. वारा तोच होता. बदलली ती कलमे.

आता महीपलीकडे, खेडा जिल्ह्याच्या ठासरा तालुक्यात चला. ढुंडी गावातील सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या साहाय्याने सौरसिंचनाची सहकारी मंडळी स्थापन केली. पूर्वी ते डिझेलवर पाणी उपसत. सौरपंपाची एक अडचण अशी, की वीज फुकट आणि ऊन दिवसभर, त्यामुळे उपसाही दिवसभर. भूजलाला ते परवडत नाही. म्हणून उरलेली वीज विकत घेणारा हवा. तो झाला मध्य गुजरात वीज कंपनी, जिचे मुख्यालय आपल्या रेसकोर्स भागात आहे. सुमारे ५६ किलोवॉट क्षमता, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे, मुदत २५ वर्षे. ऊन हेच पीक झाले. पाणी वाचवले तर चार पैसे अधिक मिळू लागले.

या करारात एक अट आहे, तिच्यापाशी मी नेहमी थबकतो. खरेदीच्या हमीच्या बदल्यात या शेतकऱ्यांनी पंचवीस वर्षे वीजजोडणी मागण्याचा आपला हक्क सोडला. त्यांच्या जागी मी सही केली असती काय? बहुधा केली असती. पण गावाला एवढे मोल द्यावे लागावे, याचे कारण त्यांच्या बाजूने कायद्याचे बळ पुरेसे नव्हते.

कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ७ ने निर्मितीसाठी परवान्याची गरज काढून टाकली. कलम ५ मध्ये ग्रामीण वितरणासंदर्भात पंचायती आणि सहकारी संस्थांचा नामोल्लेख आहे. परंतु परवानगी वेगळी आणि हमी वेगळी. दुसऱ्याच्या तारेवरून आपली वीज नेण्याची मर्यादा २०२२ च्या नियमांनी १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, हे चांगलेच झाले. तरी ढुंडीची सुरुवातीची सगळी क्षमता या कमी केलेल्या मर्यादेच्याही खालीच राहते.

२०१९ च्या ‘कुसुम’ योजनेत ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी सहकारी संस्था आणि पंचायती पात्र ठरल्या. मात्र मागणी क्षमतेहून अधिक झाली की दराची स्पर्धा लागते, आणि भांडवल नसलेल्या शेतकऱ्याला जमीन विकासकाला भाड्याने देण्याची मुभा आहे. भाडे नियमित येते, ते कोणी नाकारू नये. पण पत्रकावर शेतकऱ्याचे नाव राहते आणि मालकी दुसऱ्याकडे जाते. माझ्या मते लहान सहकारी संस्थांना स्पर्धेबाहेर ठेवून त्यांच्यासाठी वेगळा, निश्चित दर आयोगाने जाहीर करणे, ही मागणी सर्वप्रथम करावयास हवी.

दर निश्चित करण्यापूर्वी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेणे कलम ६४ नुसार आयोगावर बंधनकारक आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, अभियंते आहेत, हिशेबतपासनीसही आहेत. पुढील सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात येईल तेव्हा हरकतीचा मसुदा लिहून देण्यास मी तयार आहे. सह्या आणि हिशेब आपण पाहावेत.