दोन दिवस, एकटीनं

आज कर्जाचा हप्ता नाही, शेळीपालन नाही, लोणच्याचं मोजमापही नाही. आज फिरायला जायचं बोलू. तेही एकटीनं.

गोष्ट सुरू झाली आमच्या कर्जत तालुक्यातल्या एका गटाच्या सोमवारच्या बैठकीत. गटात एक ताई आहेत, नाव सांगू नका म्हणाल्यात. त्यांची मुलगी विलायतेत नर्स आहे. तीन दिवस सुट्टी मिळाली तशी ती लंडनहून रेल्वेनं एडिंबरा शहराला एकटीच निघाली. एडिंबरा म्हणजे स्कॉटलंडची जुनी राजधानी. विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर किल्ला, तिथून राजवाड्यापर्यंत उतरत गेलेला जुना रस्ता. सणवार आणि रविवार सोडले तर किल्ल्यावर रोज दुपारी एकला तोफ उडते. बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून १८६१ मध्ये ती पद्धत सुरू झाली, ती आजही आहे.

ताईंनी मुलीचा मेसेज वाचून दाखवला. त्यात शहराचं वर्णन एका ओळीचं. बाकी सगळं असं, की गाडी किती वाजता पोचणार, मुक्काम कुठं, खोली फक्त बायकांची आहे, किल्ल्याचं तिकीट आधीच काढलंय, आणि आपल्याकडच्या रात्री साडेनऊला फोन करीन. वाचून झाल्यावर ताई म्हणाल्या, "पोरगी परमुलखात एकटी हिंडतीय, आणि मी एवढ्या वयाची, नगरच्या पुढं एकटी कधी गेले नाही."

बैठकीला अकरा जणी होत्या. आम्ही विचारलं, गावाबाहेर एकटीनं रात्र कुणी काढलीय का? एकीनं हात वर केला, पण ती दवाखान्यात सासूबाईंच्या खाटेशेजारी. आपण घराबाहेर पडतो ते लग्नाला, माहेरी, बँकेत, दवाखान्यात, नाहीतर वारीला. नुसतं बघायला म्हणून कुणी जात नाही.

ताईंना देवगिरीचा किल्ला आणि वेरूळचं लेणं बघायचं होतं. शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिलेलं, तेव्हापासून. ठरलं, छत्रपती संभाजीनगरला जायचं. दोन दिवस, एक रात्र.

आता खरी अडचण सांगतो. घरच्यांनी विरोध केला असता तर आम्ही पाच जणी जाऊन समजावलं असतं. पण ताईंचे मालक म्हणाले, "मी येतो की सोबत." नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, सोबत येतो म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? ताई दोन दिवस गप्प राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आलात तर म्हशीची धार कोण काढील? आणि मला एकदा माझ्या मनानं चालून बघायचंय." मालक आधी हसले, मग जरा रुसले, आणि शेवटी त्यांनीच जाऊन एसटीचं वेळापत्रक विचारून आणलं. सगळीकडे असं होत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

पैशाचा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाली, गटातून अंतर्गत कर्ज घ्या. कर्जाच्या रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. खत, शेळी, शाळेची फी, दवाखाना. 'फिरायला' असं कुणी आजवर लिहिलेलं नाही. आमचं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की फिरण्यासाठी कर्ज घेऊ नये. ताईंनी अंडी विकून चार महिने डब्यात पैसे टाकले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही राज्यभर आणि सगळ्या प्रकारच्या गाड्यांत. त्यामुळं प्रवासाचा खर्च वाटला त्यापेक्षा कमी आला. खोली, जेवण, रिक्षा सगळं धरून २०८० रुपये लागले.

मग बसलो कागद घेऊन, त्या मेसेजसारखा मेसेज करायला. पहिला घोळ दिवसाचा. सोमवारी बैठक, म्हणून ताईंनी मंगळवार-बुधवार धरला होता, आणि मंगळवारी लेणं बघायचं होतं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात! अजिंठा सोमवारी बंद. हे आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर दारातून परत यावं लागलं असतं. मग बुधवार-गुरुवार केला.

दुसरा घोळ हावरेपणाचा. ताईंच्या यादीत देवगिरी, वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की, एवढं सगळं होतं. पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं म्हणजे पाणचक्की, ती आम्हालाही बघायचीय. पण कर्जतहून नगर गाठायचं, तिथून पुढं दुसरी गाडी, यातच अर्धा दिवस जातो. नगरला माळीवाडा, तारकपूर अशी स्टँडं वेगवेगळी आहेत, पुढची गाडी कुठून मिळते ते आधीच विचारून ठेवायचं. शेवटी मकबरा आणि पाणचक्की खोडली. ताईंचे गुडघे बघून आम्ही किल्लाही खोडायला निघालो होतो. त्या म्हणाल्या, "पोरीनं किल्ला बघितला, मी पण बघणार."

मुक्कामाचं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या लॉजवाल्यानं फोनवरच सांगितलं, एकट्या बाईला खोली देत नाही. दुसऱ्यानं विचारलं, "सोबत कोण?" तिसऱ्या ठिकाणी एक बाईच फोनवर होत्या. आधार कार्ड आणा, अंधार पडायच्या आत या, म्हणाल्या. ९०० रुपये. ही फोनाफोनी स्टँडवर उतरून, पिशवी हातात धरून करायची वेळ आली असती तर ताई तशाच परत फिरल्या असत्या. पर्यटन महामंडळाचं निवासही तिथं आहे. राज्यानं २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलंय, त्यात वर्षातले काही ठरावीक दिवस महामंडळाच्या निवासात महिलांना सवलत असते. फोन करून विचारायला काही लागत नाही.

गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं तर एकटी आहे हे सांगावं का, यावर आमच्यात वाद झाला. काही जणी म्हणाल्या, लेकीकडं चाललेय म्हणावं. ताई म्हणाल्या, खोटं बोललं की दुसऱ्या प्रश्नाला सापडायला होतं, त्यापेक्षा "कामानं निघालेय" म्हणीन. पैसे दोन ठिकाणी ठेवले. ११२ आणि १८१ हे नंबर कागदावरही लिहिले, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. रात्री साडेनऊला जाऊबाईंना फोन, असं ठरलं.

ताई गेल्या आणि आल्या. देवगिरीला खंदकावरचा अरुंद पूल ओलांडून अंधारीच्या तोंडाशी पोचल्या. तो काळोखा वळणाचा बोगदा, वटवाघळांचा वास. एकटीनं आत शिरायचं नाही, हेही कागदावर होतंच. एका सहलीच्या घोळक्यामागं त्या अंधारी पार झाल्या, पण माथ्यापर्यंत गेल्या नाहीत, गुडघ्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कैलास लेणं. एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ, बाराशे वर्षांहून जुनं. तिथून घृष्णेश्वराला. त्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्यादेवींनी केलेला, आणि अहिल्यादेवींचा जन्म आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. ताई म्हणतात, तिथं पायरीवर बसल्यावर परक्या गावात असल्यासारखं वाटलंच नाही.

रात्रीचं मात्र त्यांनी खरं सांगितलं. दोनदा उठून कडी बघितली. झोप लागली ती पहाटे. साडेनऊचा फोन जाऊबाईंना करायचा होता, तो आधी मुलीला लावला. तिनं विचारलं, "आई, किल्ल्यावर तोफ आहे का?" आहे, मेंढा तोफ म्हणतात तिला, पण उडत नाही.

आता त्याच गटातल्या आणखी एक जण पाणचक्की बघायला निघायचं म्हणतायत. त्यांचा कागद येत्या सोमवारी बैठकीत बघू.