प्रतिकृतीवरची तालीम



धरणापूर्वी त्याची प्रतिकृती करून पाण्याचे वागणे पाहावे, ही रीत आपल्याला नवी नाही. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेली जलसंशोधन संस्था खडकवासल्यास हेच करीत आली आहे. संगणकांच्या जाळ्यालाही आता तशी प्रतिकृती लाभली आहे.

डेटा सेंटर म्हणजे माहितीचे कोठार. तेथील स्विच माहितीला योग्य वाटेला लावतो. या यंत्राची किंमत लाखांत जाते. परंतु त्यात चालणारी प्रणाली ‘इमेज’ नावाच्या फाइलीत मिळते. सिस्कोची नेक्सस ९०००व्ही ही त्यांपैकीच एक. भरपूर मेमरीच्या संगणकावर असे चार आभासी स्विच उभे करावेत, एखादा दुवा मुद्दाम तोडावा आणि माहिती दुसऱ्या वाटेने जाते का, ते पाहावे. येथे आज्ञा चुकली तरी कोणाचे रुग्णालय वा बँक अडत नाही.

मात्र या स्विचात खऱ्या यंत्रातील वेगवान चिप नसते. म्हणून आज्ञांची परीक्षा होते, वेगाची होत नाही. तारेचा दोष वा पंख्याचा बिघाडही तेथे कळत नाही.

नांदगाव पेठच्या विद्यार्थ्याच्या हाती लाखांचे यंत्र पहिल्याच दिवशी कोण देईल? तालीम मात्र त्याला आजच करता येईल. प्रतिकृतीवर हात बसवावा आणि खऱ्या यंत्रापुढे सावध राहावे, एवढेच माझे सांगणे आहे.