आजीला समजतं, नातीला वाचता येतं

(सावित्रीमाई फुले यांच्या जयंतीनिमित्त भिलाईत झालेल्या महिलांच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आयोजक ताईंनी फोनवर विषय सांगितला, "आपल्याला घडवणारी पुस्तकं आणि गोष्टी." विषय छान आहे, पण तो ऐकला की पोटात थोडा गोळा येतो. मागच्या रांगेत बसलेल्या, आपापल्या घरातल्या पहिल्या पदवीधर मैत्रिणींना हा गोळा ओळखीचा असेल. एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गात सगळ्यांना हाच प्रश्न विचारला होता. कुणी आजोबांच्या कपाटातली कादंबरी सांगितली, कुणी आई झोपताना वाचून दाखवायची ते पुस्तक. आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये छापील म्हणावं असं तीनच होतं : 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म', वंदनेची पुस्तिका, आणि प्लांटची डायरी, जिच्यात किराण्याचा हिशेब असायचा. माझी आई झोपताना वाचून दाखवायची नाही, कारण ती माझ्यानंतर तासाभराने झोपायची आणि माझ्याआधी तासभर उठायची.

प्रश्न वाईट नाही. पण तो कपाट असलेल्या घरात तयार झालाय. म्हणून विदर्भातून भिलाईत आलेल्या आपल्या घरांमधल्या बायकांशी संशोधनासाठी बोलताना मी "कोणतं पुस्तक वाचलं?" असं विचारतच नाही. मी विचारते, "तुम्हाला कुणी काय सांगितलं होतं, जे अजून डोक्यातून गेलं नाही?" मग चहा थंड होतो, पण बोलणं थांबत नाही. एकीच्या आईने नागपूरच्या दीक्षेला जाण्यासाठी पांढरं लुगडं कुणाकडून मागून आणलं, याची गोष्ट होती. एकीला चौदा एप्रिलच्या जलशातलं गाणं आठवलं, तेही अर्धंच, कारण कडेवरचं पोर रडायला लागलं म्हणून ती उठून गेली होती. एका मावशीने सांगितलं, त्यांच्या वस्तीत एकच माणूस पेपर वाचायचा आणि बायका भांडी घासायचा बहाणा करून नळाजवळ बसायच्या, कारण तो मोठ्याने वाचायचा. माझ्या हिशेबाने नळाजवळची ती जागा वाचनालयच होती. फक्त तिथे खुर्च्या नव्हत्या.

आता थोडा इतिहास, कारण आपण इथे परके नाही हे पोरींना कळायला हवं. आपला दुर्ग जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि त्याची राजधानी होती नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, नवा मध्य प्रदेश झाला. आपल्या गोष्टींची राजधानी एका राज्यात राहिली आणि दुर्ग दुसऱ्या राज्यात आला. त्याच्या आधीच्या वर्षी सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली भट्टी सुरू झाली. नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं याच रेल्वेलाईनने गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत इथे आली. पुरुष आले ते टाटपट्टी आणि ट्रंक घेऊन. बायकांनी सोबत आणली बोली.

आणि ती बोली आता कुठे आहे? माझ्या पिढीतल्या मुली हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकल्या. घरी "मले", "तुले" ऐकलं, पण मराठी पुस्तक हातात घेतलं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' इंग्रजी अनुवादात वाचलं, तेही नेटच्या अभ्यासासाठी, नोट्स काढत. आणि ज्या आजीला त्यातला शब्दन् शब्द कळला असता, ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसलेली होती. तिला अक्षर येत नाही, आणि नातीला ती मराठी येत नाही. पुस्तकाला मात्र दोघी लागतात.

इथे एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही. हिंदी आणि मराठी दोन्हींची लिपी देवनागरी. म्हणजे हिंदी शाळेत शिकलेली मुलगी मराठी पुस्तक मोठ्याने वाचू शकते, अर्थ नाही कळला तरी. 'ळ' आला की अडखळते, 'च' कधी चमच्यातला आणि कधी चहातला हे तिला ठाऊक नसतं, पण वाचते. आम्ही पाच-सहा जणींनी गेल्या वर्षी असं सुरू केलं. रविवारी दुपारी, कुणाच्या तरी घरी. नात वाचते, आजी अर्थ सांगते. "असं नसतं वो म्हणत, असं म्हणतेत," असं म्हणून उच्चारही सुधारते. समाजशास्त्रात मौखिक परंपरेवर जाड पुस्तकं आहेत. मला त्या दुपारी त्यांतल्या बऱ्याच पानांपेक्षा जास्त मिळालं, हे माझ्या मार्गदर्शकांना सांगू नका.

'जिणं आमुचं' घेतलं होतं आम्ही. बेबीताई फलटणच्या. त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या आधी वाचायच्या, मग त्यांत माल बांधायच्या. दुकानात बसूनच लिहायच्या आणि वह्या घरात लपवून ठेवायच्या. किती वर्षं? वीसेक. कुणापासून? नवऱ्यापासून. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन बाहेर आणायला लावलं, १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. नाव बघा. जिणं "माझं" नाही, "आमुचं".

या "आमुचं"मध्ये काय काय येतं ते आम्हाला वाचताना कळलं. गावकीची गुलामी येते, उपास येतात, आजारपणं येतात. आणि सुनांना होणारा मारही येतो. नाक कापण्यापर्यंत गेलेला छळ बेबीताईंनी लिहून ठेवलाय, आपल्याच घरांतला. त्या पानावर आल्यावर एक आजी म्हणाल्या, "बंद कर. हे नको वाचू." नात गोंधळली. आजी उठून गेल्या. पुढचे दोन रविवार आल्या नाहीत.

त्या दिवशी उरलेल्यांमध्ये वाद झाला, आणि तो इथे मांडणं गरजेचं आहे, कारण आपल्या सभांमध्ये तो नेहमी पुढच्या वेळेवर ढकलला जातो. एक काकू म्हणाल्या, बाहेरच्यांनी वाचलं तर म्हणतील, बघा हे लोक असेच. जातीवरून शिव्या खाणाऱ्या समाजाने आपल्या घरातलं भांडण चौकात का न्यायचं? हा प्रश्न भित्रा नाही. सवर्ण माणूस आपल्या बापाने आईला मारलं असं लिहितो तेव्हा ते त्याच्या बापाचं असतं. आपण लिहिलं की ते जातीचं होतं. काकूंना हे अनुभवाने ठाऊक आहे. पण मग बेबीताईंनी का लिहिलं? माझं मत असं की त्यांनी दोन्ही मार एकाच दोरीला बांधलेले पाहिले. गावकीत दिवसभर वाकलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन कुणाला वाकवतो, हे त्यांना दुकानात बसून दिसत होतं. पुरुषाला सोडून दिलं असंही नाही आणि जातीला सोडून दिलं असंही नाही. काही पुस्तकं न वाचताही माणसाला घडवतात, हे त्यातून कळतं. मनुस्मृती त्या सुनांनी कुठे वाचली होती? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली, तेव्हाही ती वाचलेल्यांपेक्षा भोगलेल्यांची संख्या जास्त होती.

तिसऱ्या रविवारी आजी परत आल्या. भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "कुठवर आलं?" एवढंच. का गेल्या होत्या, ते कुणी विचारलं नाही.

विदर्भाच्या बायकांची पुस्तकं आपल्याला आणखी जवळची. कुमुद पावडेंचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. नागपूरची दलित मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. करते, आणि नोकरी मिळते ती लग्नानंतरच्या आडनावावर. 'सोमकुवर' होत्या तोवर दार बंद, 'पावडे' झाल्यावर उघडलं. नेट-सेट करून मुलाखतींच्या रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणींनो, हे वाचताना तुम्हाला १९८१ आठवणार नाही.

आणि ज्यांना मराठी वाचणं अजिबातच जड जातं त्यांनी कौसल्या बैसंत्रींपासून सुरुवात करा. मातृभाषा मराठी, आईवडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगार, पण 'दोहरा अभिशाप' त्यांनी १९९९ मध्ये थेट हिंदीत लिहिलं. मराठी घरातली आणि हिंदीत लिहिणारी बाई, म्हणजे अगदी भिलाईवाली! २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, गिरणीतल्या कामगार बायकांना रजा, असे ठराव तिथे झाले. हे सगळं मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलं नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत, त्यांच्याशी बोलत 'आम्हीही इतिहास घडवला' केलं, १९८९ साली, त्यामुळे ते आपल्या हाती आलं. त्यात जाईबाई चौधरी आहेत, ज्यांनी आधी हमाली केली आणि नंतर नागपुरात मुलींची शाळा काढली. ते पुस्तक बरंचसं विचारण्यातून आणि ऐकण्यातून झालंय. दोघींनी कागद-पेन घेऊन जे केलं, ते आपण मोबाईलच्या रेकॉर्डरवर करू शकतो. मी रेकॉर्डिंग करताना आधी परवानगी विचारते, तुम्हीही विचारा. घरच्या आजीलासुद्धा.

आता जरा अवघड विषय. भिलाईत बसून बायकांच्या गोष्टींबद्दल बोलायचं आणि तीजनबाईंचं नाव घ्यायचं नाही, असं चालणार नाही. गनियारी इथून जवळ. पारधी समाजात जन्म, शाळा नाही, आजोबांच्या तोंडून पंडवानी ऐकत ती पाठ झाली. त्या काळी बायका बसून गायच्या, वेदमती शैलीत. उभं राहून, तंबुरा फिरवत, भीम आणि दुःशासन अंगात आणून सांगायचं ते पुरुषांनी, ती कापालिक शैली. तीजनबाई उभ्या राहिल्या. समाजाने बाहेर काढलं. पुढे याच स्टील प्लांटमध्ये त्यांनी नोकरी केली, २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, महाभारत? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात? मलाही त्या कथेतला धर्म नको आहे. एकलव्याचा अंगठा मी विसरू शकत नाही आणि विसरायचाही नाही. पण ज्या समाजावर ब्रिटिशांनी गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारला, त्या समाजातली बाई त्यांच्याच कथेला हातात धरून भर सभेत उभी राहते आणि हजारो लोक तिच्याकडे मान वर करून बघतात, तेव्हा कथेचं काय झालं आणि बाईचं काय झालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यावर आपण वाद घालू. दुसऱ्याचं उत्तर मला तरी स्पष्ट दिसतं.

मुक्ता साळवे आठवा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी, १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचा सवाल साधा होता : वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमच्यापाशी धर्माचं पुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता? "तुला घडवणारं पुस्तक कोणतं" या प्रश्नाला आपल्यातल्या एका शाळकरी मुलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर हे आहे. तिने पुस्तक नसण्यालाच मुद्दा केलं आणि ते लिहून काढलं.

म्हणून पुढच्या रविवारी आपण तिचाच निबंध घेणार आहोत. लहान आहे, एका बैठकीत होईल. मराठी जुनी आहे, आज्यांनाही काही शब्द अडतील, तिथे सगळ्या मिळून डोकं लावू. छत्तीसगढी बोलणाऱ्या सतनामी मैत्रिणींना बोलावलंय. त्यांच्याकडे मिनीमातांच्या गोष्टी आहेत, ज्या आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकल्या आहेत, त्या त्यांनी त्यांच्या भाषेत सांगायच्या. कुणाकडे घरी जुन्या वह्या, पत्रं, जलशाच्या गाण्यांची चोपडी असेल तर आणा, परत मिळेल, फोटो काढून ठेवू. दुपारी तीन वाजता. पाणी ज्याचं त्याने आणायचं, चहा मिळेल. वाचायला 'ळ' येणारी एक तरी मुलगी पाहिजे. कोण तयार आहे? माईक मागे द्या.