चिकटवहीचे नवे रूप : घरची आणि सहलीची छायाचित्रे

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिकटवही ही प्राथमिक शिक्षकास नवी वस्तू नव्हे. आगपेट्यांवरील चित्रे, टपालाची तिकिटे, वाळलेली पाने आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे जुन्या वहीत खळीने डकवून ठेवण्याचा उद्योग खेडोपाडींच्या शाळांतून अनेक पिढ्या चालत आलेला आहे. प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांना या उद्योगाची इतकी आवड होती, की पानांवर आधीच डिंक लावलेल्या, नुसत्या ओल्या केल्या की चिकटणाऱ्या वहीचे पेटंट त्यांनी १८७३ साली घेतले. आज खळ आणि डिंक दोन्ही मागे पडले आहेत. छायाचित्रे मोबाइल फोनमध्ये असतात, पान संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर जुळविले जाते, आणि हवे तेव्हा कागदावर छापून घेता येते. हीच डिजिटल चिकटवही होय.

तिची सामग्री बहुतेक घरांत आहे. जुन्या लोखंडी ट्रंकेत, पत्रिका आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, एखादा लग्नातील फोटो असतो. जत्रेत रंगविलेल्या पडद्यासमोर उभे राहून काढलेला असतो. गिरणीत नोकरीस गेलेल्या चुलत्याने मुंबईहून पाठविलेला असतो. त्यातील माणसे कोण, हे सांगणारी घरात बहुधा एकच व्यक्ती उरलेली असते, आणि ती म्हणजे आजी. आजी गेली की फोटो राहतो, पण त्यातील माणसे नाहीशी होतात. नव्या फोटोंची गत याहून निराळी नाही. फोनमध्ये हजारो चित्रे साठतात, कोणी पुन्हा पाहत नाही, आणि फोन पाण्यात पडला की सारीच जातात. म्हणून चिकटवहीच्या पानावर फोटोपेक्षा त्याच्या शेजारी लिहिलेल्या चार ओळींचे मोल अधिक आहे. पानाला फुलांची किनार नसली तरी चालते. नाव, गाव आणि साल नसेल तर मात्र ते पान नव्हे, ती नुसती सजावट.

एका द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या वर्गाला घरचा एक जुना फोटो आणावयास सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी बहुतेक मुलांनी आणला. एक मुलगा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्याचे आईवडील ऊसतोडणीस गेलेले, तो आजीपाशी राहणारा. विचारल्यावर त्याने एवढेच सांगितले, की घरी फोटो नाही. या ठिकाणी शिक्षकाची चूक झाली होती, आणि ती त्याच्या ध्यानात आली हे बरे झाले. प्रत्येक घरात अल्बम असतो असे गृहीत धरणे म्हणजे ज्या घरात तो नाही त्या घरातील मुलाला वर्गासमोर उभे करणे होय. कोणाचे वडील वारलेले असतात, कोणाच्या घरातील ट्रंक पुरात गेलेली असते, कोणाच्या घरी फोटो काढण्याइतके पैसेच कधी नव्हते. सबब ‘घरचा फोटो आणा’ ही आज्ञा कधीही देऊ नये. ‘घरची एक आठवण आणा, फोटो असल्यास उत्तम, नसल्यास वस्तू किंवा नुसती गोष्टही चालेल’ असे सांगावे.

सायंकाळी शिक्षक त्या मुलाच्या घरी गेले. आजीने कनवटीची पिशवी उघडून पतीचे मतदार ओळखपत्र काढले. मुलाच्या आजोबांची एवढीच एक प्रतिमा जगात होती. बोटाच्या पेराएवढी, काळपट, डोळे अर्धवट मिटलेली. शिक्षकांनी ती मोठी करण्याचा यत्न केला नाही. इतके लहान चित्र ताणले तर चेहऱ्याऐवजी नुसते ठिपके दिसू लागतात. पत्रावरील क्रमांक व पत्ता वगळून केवळ चेहऱ्याचा भाग घेतला, आणि मग आजीला विचारले, की हे काय काम करीत. आजी म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात ह्या तलावावर माती टाकायला होते. सुकडी मिळायची, पण ह्यांनी कधी सगळी खाल्ली न्हाई. अर्धी फडक्यात बांधून घरी आणायचे.” दुसऱ्या दिवशी मुलाला त्याच पाझर तलावाच्या बांधावर उभे करून एक फोटो काढण्यात आला. पान असे सिद्ध झाले : वरच्या कोपऱ्यात पेराएवढे आजोबा, खाली पानभर तलाव व बांधावर नातू, आणि मध्ये आजीचे शब्द, तिने उच्चारले तसेच. १९७२ च्या दुष्काळाचा धडा त्या वर्गाला पुन्हा समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

आजीचे बोलणे शुद्ध करून लिहिण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा. ‘न्हाई’चे ‘नाही’ केले तर आजीचे वाक्य शिक्षकाचे होऊन बसते. मुलाच्या स्वतःच्या ओळी मात्र प्रमाण मराठीत असाव्यात. दोन्ही भाषा एका पानावर शेजारी नांदल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

आता कृतीविषयी. जुना फोटो उतरवून घेण्यास स्कॅनर नसला तरी अडत नाही. ओसरीवर, ऊन अंगावर न येईल अशा उजेडात, फोटो सपाट ठेवावा. फोन त्याच्या बरोबर वर समांतर धरावा. फ्लॅश बंद ठेवावा, कारण चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग उमटतो. फोटो काचेच्या चौकटीत असेल आणि ओलीने काचेस चिकटला असेल तर तो ओढून काढू नये. वरचा थर काचेवरच राहतो आणि चेहरे सोलले जातात. अशा वेळी काचेसह, थोडे तिरपे प्रकाशात धरून, चित्र घ्यावे. चिकट पानांच्या अल्बममधील फोटोंस हाच नियम लावावा. फोटोची मागील बाजूही टिपावी. तेथे स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, क्वचित पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडते, आणि घरातल्या वादाचा निकाल तिच्यावरून लागतो.

१९७० ते १९९० या काळातील पुष्कळ रंगीत फोटो आज तांबूस दिसतात, कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य इतरांच्या आधी विटते. संगणक हा तांबूसपणा कमी करू शकतो, आणि तसे करण्यास हरकत नाही; मात्र मूळ चित्र जसेच्या तसे वेगळे राखून ठेवावे. अलीकडे काळ्यापांढऱ्या फोटोत आपोआप रंग भरणारी साधनेही निघाली आहेत. मुलांना ती जादू वाटते. पण आजीचे लुगडे हिरवे होते की जांभळे हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते अंदाज करते. रंगविलेले चित्र पानावर घेतलेच, तर खाली ‘रंग यंत्राने भरलेले आहेत’ असे लिहावे, नाहीतर वीस वर्षांनी तो अंदाजच पुरावा म्हणून दाखविला जाईल.

तारखेचाही असाच घोटाळा होतो. फोन प्रत्येक चित्राच्या पोटात ते काढल्याची तारीख व वेळ नोंदवितो. जुन्या फोटोचा फोटो घेतला की नोंद आजची होते, आणि १९६८ चे लग्न फोनच्या हिशेबी काल लागलेले ठरते. म्हणून चित्राला नाव देताना आरंभी मूळ साल घालावे, मग गाव, मग प्रसंग. साल पुढे असल्याने सारी चित्रे आपोआप कालक्रमाने लागतात. साल नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहावे. पालकांकडून चित्र मागविताना ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे. साध्या रीतीने पाठविलेले चित्र आकाराने घटते आणि त्यातील तारखेची नोंदही नाहीशी होते. पडद्यावर ते बरे दिसते, छापले की धुरकट येते.

पान जुळविण्यास शाळेच्या संगणकावरील ‘लिबरऑफिस इम्प्रेस’ हे विनामूल्य साधन पुरते. फोनवर ‘गूगल स्लाइड्स’ चालते. पानाचा आकार आधीच ए-४ ठरवावा. हा कागद स्वच्छ छापावयाचा तर इंचास ३०० ठिपके या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८ ठिपके लागतात, आणि आजच्या बहुतेक फोनचे चित्र तेवढे किंवा त्याहून मोठे असते. एका पानावर एक मोठे चित्र व फार तर दोन लहान असावीत. चित्र लहानमोठे करताना कोपऱ्याने ओढावे. बाजूने ओढले की माणसे बुटकी किंवा लंबोळी होतात आणि वर्ग तासभर हसत राहतो. अक्षरे युनिकोडमधील असावीत, म्हणजे दुसऱ्या संगणकावर पान उघडल्यास मजकुराचा चिखल होणार नाही.

सहलीच्या पानाचा प्रश्न निराळा आहे. घरच्या फोटोंत चित्रे थोडी आणि स्मृती फार. सहलीत चित्रे तीनशे आणि स्मृती ताज्या असूनही लिहिलेली एकही नाही. अजिंठ्याची सहल घ्यावी. फर्दापूरच्या फाट्यावरून बसने लेण्यांच्या पायथ्याशी जावे, पायऱ्या चढाव्यात, खाली वाघोरा नदीचे वळण दिसावे, आणि प्रत्येकाने पहिल्या लेण्यासमोर फोटो काढावा, हे ठरलेले. चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवावे. परतल्यावर तीनशे चित्रांतून मुलांनीच आठ निवडावीत. ही निवड हाच खरा पाठ आहे. एका गटाने सव्विसाव्या लेण्यातील पहुडलेल्या बुद्धमूर्तीऐवजी तिच्यासमोर चपला हातात घेऊन अवाक् उभ्या असलेल्या मैत्रिणीचे चित्र निवडले, तर शिक्षकाने ते बदलू नये. मूर्तीची चित्रे पुस्तकांत पुष्कळ आहेत, त्या मुलीचे चित्र दुसरीकडे कोठेही नाही. सहलीस ज्यांना येता आले नाही अशांनाही काम द्यावे. त्यांनी आलेल्यांस प्रश्न विचारून उत्तरे लिहावीत. पुष्कळदा पानावरील उत्तम मजकूर त्यांच्याच हातून उतरतो, कारण न पाहिलेल्याला विचारावे लागते.

अजिंठ्याचीच आणखी एक हकीकत या कामास उपयोगी पडेल. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्याने वर्षानुवर्षे तेथे राहून मोठमोठ्या नकला रंगविल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि बहुतेक सर्व जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा केले. त्यांपैकीही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयातील आगीत गेल्या. उलट, गिलने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्येच जेम्स फर्ग्युसन यांच्या पुस्तकातून छापून अनेक ठिकाणी पोचली होती, म्हणून ती आजही पाहावयास मिळतात. शाळेची चिकटवही एकट्या मुख्याध्यापकांच्या फोनमध्ये ठेवणे म्हणजे ती क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवणे होय. एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या इमारतीत, आणि एक कागदावर, अशी व्यवस्था असावी. इंटरनेटवरील साठवण सोयीची खरी, पण तिचे नियम दुसऱ्याच्या हाती असतात. गूगलने फोटोंची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबविली, हे अनेकांना स्मरत असेल.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मुलाचा चेहरा, त्याचे घर, त्याच्या कुटुंबाची हकीकत ही शाळेची मालमत्ता नव्हे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीस महत्त्व देतो; कायदा नसता तरी सभ्यता तेच सांगते. पान तयार झाल्यावर प्रथम त्या घरी दाखवावे, मग वर्गात लावावे. घरच्यांनी एखादी ओळ काढावयास सांगितली तर ती निमूटपणे काढावी. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा समाजमाध्यमांवर ही पाने टाकू नयेत. चित्राच्या पोटात तारखेबरोबर ठिकाणही नोंदलेले असू शकते, याचा विसर पडू नये. आणि पानांची स्पर्धा लावून क्रमांक तर मुळीच देऊ नयेत. कोणाचे आजोबा पहिले आणि कोणाचे तिसरे, हे शाळेने ठरवावयाचे नाही.

वेळ कोठून आणावयाचा, ही अडचण खरी आहे. परिसर अभ्यास व मराठी यांचे दोन तास आणि कार्यानुभवाचा एक, एवढ्यात पंधरवड्यास एक पान होते. सगळ्या मुलांची पाने एकाच महिन्यात उरकण्याचा हट्ट धरला तर मजकूर शिक्षकच लिहू लागतात.

पाझर तलावाच्या त्या पानावर प्रथम आजोबांचे नाव नव्हते. आजी पतीचे नाव घेईना, आणि ओळखपत्रावरील नाव चुकीचे छापले आहे असे म्हणे. शिक्षकांनी तेथे एक रेघ मोकळी सोडली. आठवड्याने मुलगा एका कागदावर नाव लिहून घेऊन आला. शेजारच्या वृद्धाकडून आजीने ते वदवून घेतले होते. त्या पानाच्या दोन प्रती छापल्या; एक शाळेच्या कपाटात आहे, आणि दुसरी आजीने पिशवीत ओळखपत्राला गुंडाळून ठेवली आहे.