लोक म्हणजे कोण?

(न्हावरे, ता. शिरूर येथील शेतकरी बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भाव, वीज, पाणी, कर्ज यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय सरकारदरबारचा नाही, आपल्याच ओसरीवरचा आहे. पोरीचं लग्न ठरलं की ताळेबंद कुणी मांडत नाही. मांडव केवढा, पंगती किती, मानपान कुणाकुणाचं, हे सगळं एकाच प्रश्नावर ठरतं. लोक काय म्हणतील? घरधन्याच्या खिशात काय आहे हे विचारायला कुणालाच फुरसत नसते.

हा विषय निघाला की शहरातले शहाणे लगेच पुढे होतात. शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असं ते सांगतात. हा आरोप आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो तपासला गेला आणि ज्या घटनांमुळे तपासला गेला त्यांची सुरुवात आपल्याच तालुक्यात झाली होती.

डिसेंबर १८७४. गाव करडे. बाबासाहेब देशमुखांवर काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर टाच आली. गाव चिडलं. कुणी लाठी उगारली नाही. सावकाराच्या शेतावर मजूर गेला नाही, न्हाव्याने त्याची हजामत केली नाही, पाणक्याने त्याचं पाणी भरलं नाही. हे लोण गावोगाव गेलं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. इंग्रज सरकारने चौकशीला आयोग नेमला आणि पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

त्या आयोगाने काय म्हटलं ते शहाण्यांना ऐकवा. त्याचं म्हणणं असं की लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. असे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात. कर्ज वाढतं ते पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी सारा भरण्यासाठी घेतलेल्या लहानलहान रकमांनी. परक्या सरकारच्या आयोगाला जे १८७६ साली दिसलं ते आपल्याच लोकांना अजून दिसत नाही. शेतीत चार पैसे शिल्लक राहत असते तर लग्न शिलकीतून झालं असतं. शिल्लक नाही म्हणून ते कर्जातून होतं. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ज्याचा कांदा तेव्हा बाजारात जात होता त्याचं किती नुकसान झालं, हे त्याच्या पट्टीला विचारा, पोरीच्या लग्नाच्या मांडवाला विचारू नका.

मग मी हा विषय काढलाच कशाला? पैसा वाचवा म्हणून नाही. या थाटामुळे आपलं दुसरंच एक नुकसान होतं आणि ते पैशाहून मोठं आहे.

असं बघा. तोट्यातला शेतकरी कर्ज काढून थाटाचं लग्न करतो. शेजारी ते बघतो. शेजाऱ्याच्या मनात येतं, याचं बरं चाललंय, बुडालो तो मी एकटाच. मग तोही कर्ज काढतो आणि तसंच लग्न करतो. आता पहिला त्याच्याकडे बघून तेच म्हणतो. सगळी आळी बुडालेली, पण प्रत्येकाला वाटतं की बुडालेला मीच. रस्त्याने जाणारा शहरी माणूस मांडव बघून सांगतो, शेतकरी गब्बर झालाय, याला भाव कशाला वाढवून पाहिजे? आपला तोटा आपण आपल्याच हाताने झाकतो आणि मग सरकारला तो दिसत नाही म्हणून ओरडतो.

ज्याला वाटतं की बुडालो तो मी एकटाच, तो सभेला येत नाही. तो आवाज काढत नाही. बँकेची नोटीस दिवाळीच्या कपड्यांखाली लपवतो, बायकोलाही सांगत नाही. आणि एक दिवस गावाला त्याची बातमीच कळते. किती घरं आपण अशी बघितली! प्रत्येक वेळी लोक म्हणाले, अरे, एका शब्दाने बोलला असता तर! बोलणार कसा? बोलायची लाज त्याच लोकांची होती.

सुप्याच्या बाजारातल्या माणसाची गोष्ट वेगळी होती. आपल्या शेजाऱ्याचा कागदही त्याच दप्तरात आहे, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून हात एकदम उठले.

आता कुणी म्हणेल, गाव एक झालं की काम होतं, मग वेगळं वागणाऱ्याला वाळीत टाका. सावध राहा. १८७५ च्या काळात काही गावांनी एकमेकांना करारपत्रं लिहून दिली होती. सावकाराचं काम करील तो जातीबाहेर, असा त्यात दंड होता. ते हत्यार सावकारावर चाललं म्हणून आपल्याला गोड लागतं. पण त्याच हत्याराने जातपंचायतींनी पुढे मनाजोगतं लग्न करणाऱ्या पोरापोरींची आयुष्यं नासवली. शेवटी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. भीतीने सगळे सारखे वागले तर त्याला एकी म्हणत नाहीत. बोलून, विचारून, पटवून जी होते ती एकी.

ती कशी करायची? आपल्या चळवळीने हे करून दाखवलं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. एकट्याने केलं असतं तर भावकी हसली असती, बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणाली असती. म्हणून अट अशी होती की गावातल्या शंभर जणांनी मिळून करायचं, मग गावाचा सन्मान. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने ते केलं, पुढे इतर गावांनीही केलं. शंभर घरांनी एकदम केल्यावर हसायला उरलं कोण? एकट्याची लाज शंभरांचा मान झाली. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केल्यास सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची वाट करून दिली.

तसंच शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्या बाईच्या दुःखात हे व्हावं असं किती जणांना मनातून वाटत होतं? पण प्रथा मोडायची पहिली पाळी कुणावर यावी, एवढाच अडसर होता. ग्रामसभेत सगळे एकदम बोलले आणि अडसर निघाला.

तेव्हा आज तीन कामं घेऊन घरी जा.

पहिलं. साध्या लग्नाची सुरुवात मोठ्या बागायतदाराने करायची. गरिबाने साधं लग्न केलं तर लोक ऐपत काढतात. मोठ्याने केलं तर ती रीत होते. पाच मोठी घरं एका सालात पुढे आली तर पुढच्या साली कुणाला खुलासा द्यावा लागणार नाही. दंड नाही, बहिष्कार नाही. कुणाला थाट करायचा असेल तर खुशाल करू द्या.

दुसरं. महिन्यातून एकदा पारावर बसून प्रत्येकाने आपला हिशेब उघडा करायचा. उसाला खर्च किती, पैसे किती आणि कधी मिळाले. कांद्याची पट्टी काय आली. सोसायटीचं देणं किती. पहिल्या महिन्यात जीभ अडखळेल. दुसऱ्या महिन्यात कळेल की सगळ्यांच्या वहीत तोच आकडा आहे. मग चूक माझी की धोरणाची, हे कुणी समजावून सांगायला नको. आणि त्या वह्या घेऊनच आपण आंदोलनाला जाऊ.

तिसरं. या बैठकीला मायबहिणी मागे बसल्या आहेत. पुढच्या बैठकीला पुढे बसा. हिशेबाच्या पारावर तुम्हीही पाहिजेत. घरातलं खरं कर्ज तुम्हाला कळलं तर घरधनी एकटा पडणार नाही.

लोक काय म्हणतील याची आपल्याला एवढी धास्ती आहे. पण लोक म्हणजे कोण? या मांडवात बसलेली आपणच की. दुसऱ्याच्या पंगतीला नावं ठेवणारी तोंडं आपलीच आहेत. आज घरी जाताना प्रत्येकाने एवढंच ठरवा, की कुणी साधं लग्न केलं किंवा आपला तोटा बोलून दाखवला, तर हसणाऱ्यात मी नसेन. एवढं केलं तरी शेजाऱ्याच्या छातीवरचा निम्मा दगड उतरेल, आणि लढाईला एक माणूस वाढेल.