गोठ्याची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरगावच्या कुणा विदुषीला बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले, ते काही माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. मंडळाने दहा गाईंचा सामाईक गोठा काढायचे ठरवले आहे, आणि गोठ्याची जागा चुकलेली बाई म्हटले की गावात पहिले नाव माझेच निघते. तेव्हा जिने चूक केली तिनेच ती सांगावी, असा त्यांचा विचार दिसतो. तो योग्यच आहे.

आमचा पहिला गोठा २०१६ साली नदीकाठच्या मळीत बांधला. कारण उघड होते. विहीर तिथे, ऊस तिथे, उसाचे वाडे तिथे. वैरण डोक्यावरून आणायची तसदी नाही. जागा पाहायला आम्ही गेलो ते वैशाखात. भुई अशी टणक की पहार वाजावी, वर लिंबाची सावली. ह्यांनी पावले टाकून माप घेतले आणि तिथेच नारळ फोडला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, मळीत गुरं उन्हाळ्यात बांधायची असतात." मला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटले. मीही तेव्हा होयला होय केले, हे कबूल करते.

पहिल्याच पावसाळ्यात काय ते कळले. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावरचा कोबा दोन वर्षांत तडकला. तडकांत मूत साचू लागले, शेण धुऊन निघेना. दावणीपासून दारापर्यंत चिखल. गाय बसली की कास ओल्यात. त्या वर्षी दोन गाईंना दगडी झाली आणि एकीचे एक सड कायमचे गेले. खुरे सडली. बांधाकडच्या दलदलीतले गवत आम्ही हिरवे म्हणून कापून घालत होतो. त्यातल्या गोगलगाईंमुळे यकृतात चपटे कृमी होतात, हे जनावरांच्या डॉक्टरांनी एका गाईच्या जबड्याखालची सूज दाखवून सांगितले. औषधाला पैसा गेला आणि दूध कमी झाले, तरी मी गाईंनाच दोष देत होते. ही गाय नाजूक, ती गाय आडमुठी! जागेला कोणी दोष देत नाही, कारण जागा आपणच निवडलेली असते.

पुढे २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या मळीत ते रात्री शिरले. अंधारात, कमरेइतक्या पाण्यात आम्ही दावी सोडत होतो. ओल्या दाव्याची गाठ फुगते आणि सुटत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. एका कालवडीची गाठ माझ्याच्याने सुटली नाही, आणि विळा घरी राहिला होता. त्यावर मी अधिक बोलत नाही.

सांगायचे ते निराळेच आहे. २००५ च्या महापुरात त्याच लिंबाच्या बुंध्याला पाणी लागले होते, हे आमच्या घरात प्रत्येकाला माहीत होते. जागा ठरवताना कुणाच्या तोंडून ते निघाले नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. तेव्हा आमचा गोठा माळावर गेलेला होता, म्हणून आम्ही घरात झोपलो.

आता आपल्या मंडळापुढे तीन जागा आहेत. पहिली मळीतली. ती फुकट देऊ करणाऱ्या कुटुंबाचे मन मोठे आहे आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. पण जागा घेऊ नये. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात, निळी आणि तांबडी. त्या पाहायला जायचीही गरज नाही, शाळेच्या भिंतीवरची २०१९ ची खूण पाहा आणि तिथून मळीकडे नजर टाका.

दुसरी गायरानातली. "बांधा, कोण विचारतो?" असे आपल्याला सांगण्यात आले. विचारतात, बायांनो! गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०११ चा आहे. रीतसर कागद मिळाला तर गोष्ट वेगळी. तोंडी होकारावर आपल्या बचतीचे पैसे मी विटांत घालू देणार नाही. शिवाय ती जागा शाळेला लागून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धालयांसाठी आणि गोशाळांसाठी २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. वस्ती, शाळा, दवाखाने, पाण्याच्या जागा यांपासून गोठा अंतरावर असावा, असे त्यांत आहे. आज लागू असलेली अंतरे ग्रामपंचायतीत लेखी विचारून घ्यावीत.

तिसरी माळावरची, गावाच्या पूर्वेला, भाड्याची. तीच घ्यावी असे माझे मत आहे. तिच्यातले गुण आधी सांगते, दोषही लपवणार नाही.

गोठ्याला पाणी कुठून आणायचे, हे सगळे विचारतात. पाणी जाणार कुठे, हे फारसे कुणी विचारत नाही. दुभती गाय उन्हाळ्यात पिण्यालाच साठ-सत्तर लिटर पाणी घेते. धुणे-सारवणे धरून दहा गाईंना रोज हजार लिटरच्या वर लागते. शेण गाईमागे पंधरा-वीस किलो. म्हणजे दहा गाईंचे रोजचे दीड-दोनशे किलो, शिवाय मूत. सणाच्या दिवशीही एवढे सगळे उचलून कुठेतरी न्यायचे आहे. माळावर मुरूम आहे, पाणी मुरते, आणि जमिनीला अंगचाच उतार आहे. गव्हाणीपासून गटारापर्यंत दर चाळीस फुटांना एक फूट उतार दिला की धुणे आपोआप खाली जाते. त्याच्या खाली गवताचे दोन वाफे करायचे. ही काही माझी कल्पना नव्हे. मुंबईत गल्लीबोळांतले म्हशींचे गोठे हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत काढली, ती डोंगरउताराच्या मोकळ्या जागेवर. तिथे गोठ्यांचे धुणे गवताच्या शेतांना देत आणि ते गवत पुन्हा म्हशींना. आपण ते दोन वाफ्यांवर करू. फक्त खड्डा आणि वाफे विहिरीच्या वरच्या अंगाला येऊ देऊ नयेत. पिण्याच्या पाण्यात शेण उतरले तर गावाने आपल्याला शिव्या दिल्या तरी त्या मुकाट्याने ऐकाव्या लागतील.

वाऱ्याचेही तेच. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा. गोठा पूर्वेला असला की वास आणि माशा गावावरून जात नाहीत. शेजाऱ्यांपैकी काही जण आज इथे बसले आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. २०२२ साली लम्पीची साथ आली ती माशा, डास, गोचिडांनीच पसरवली आणि जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. ज्या वाटेने बाजाराची गुरे जातात, त्या वाटेला लागून दावण नको. ही जागा त्या वाटेपासून आत आहे.

छपराखाली गाईमागे चाळीस चौरस फूट आणि मोकळ्यात ऐंशी, असा हिशेब धरतात. दहा गाईंना बाराशे चौरस फूट झाले. वासरे, कडब्याची गंजी, खड्डा धरून पाच गुंठे तरी हवेत. ती जागा आठ गुंठ्यांची आहे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचे ऊन आत शिरत नाही; उत्तर-दक्षिण ठेवली तर सकाळ-संध्याकाळचे ऊन फरशी वाळवते. आपल्या संकरित गाईंना ओलीपेक्षा वैशाख जास्त जाळतो, म्हणून मी पूर्व-पश्चिम म्हणेन. पण हे गवंड्याशी बोलून ठरेल, त्यावर आज भांडू नये.

आता दोष. तिथे विहीर नाही. नळाची ओळ अर्ध्या वाटेपर्यंतच आहे, पुढची नळी आपल्या खर्चाने टाकावी लागेल, आणि उन्हाळ्यासाठी दोन दिवसांचे पाणी मावेल एवढी टाकी हवी. वैरण मळीतून वर आणायची, म्हणजे रोज अडीचशे किलोच्या आसपास. बैलगाडीची एक खेप. आणि गोबरगॅस काढला तरी तो कुणाच्या चुलीपर्यंत पोहोचणार नाही, एवढे अंतर आहे. हा खर्च मी मांडून चिटणीसबाईंकडे दिला आहे. मळी फुकट आहे आणि माळ महाग आहे, हे खरे. माझ्या फुकटच्या मळीचा हिशेबही मी त्याच कागदाच्या मागे लिहिला आहे; तो अवश्य वाचावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदात येत नाही. धार पहाटे साडेचारला काढायची असते. संकलन केंद्राची गाडी सहाला येते आणि थांबत नाही. जागा पुरुषमाणसे दुपारी मोटारसायकलवरून पाहून येतात, आणि पहाटे कासंडी घेऊन त्या वाटेने जायचे असते आपण. सातबाऱ्यावर नाव कुणाचेही असो, शेणाची पाटी कुणाच्या डोक्यावर असते ते मी सांगायला नको. म्हणून मला विचारायचे आहे ते असे : त्या वाटेवर दिवा आहे का? ओढ्याला पाणी आले तर पलीकडे जाता येते का? हाक मारली तर ऐकू जाईल असे घर किती अंतरावर आहे? आपल्यांतली एखादी आजारी पडली तर दुसरी एकटी जाईल का? माळाच्या वाटेवर शेवटचा दिवा पाण्याच्या टाकीपाशी आहे आणि पुढे दोन-तीनशे पावले अंधार आहे. मला तो दोष विहीर नसण्यापेक्षा मोठा वाटतो. दोन दिव्यांसाठी पंचायतीला अर्ज लिहून ठेवला आहे. सभा संपल्यावर बाहेर जाताना प्रत्येकीने त्यावर सही करावी.

आणि भाड्याचा करार करण्याआधी जागा भर पावसात पाहायची, हे मी कार्यकारिणीकडून मान्य करून घेतले आहे. झड लागली की तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला, गाडीने नव्हे, पायी. मी देवळापाशी उभी राहीन. येणारीने कंदील किंवा बॅटरी आणावी, आणि चप्पल घरीच ठेवावी. माळाच्या अलीकडे काळ्या रानातून थोडी वाट आहे, तिथे ती रुतून बसते.