तसबिरीखालचा माणूस
(वऱ्हाडातील माजी सैनिकांच्या कुटुंबियांपुढे केलेले भाषण)



अमरावती-अकोल्याकडील आपल्या कितीतरी घरांत गणवेशातील तसबीर भिंतीवर आहे. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यासाठी बाबासाहेबांनी सरकारदरबारी आग्रह धरला होता. सैन्यात भरतीची बंद झालेली दारे अशी उघडली, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु त्या तसबिरीखाली बसलेला माणूस मध्यरात्री दचकून उठतो, मुलांवर विनाकारण संतापतो, दारूत झोप शोधतो. त्याच्याविषयी आपण बोलत नाही.

हा भ्याडपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. युद्धासारख्या आघातानंतर जडणाऱ्या या विकाराला 1980 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतंत्र स्थान दिले. त्याला गंडादोरा नको, उपचार हवा.

पुढे रिचर्ड टेडेस्ची आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखविली. आघाताशी झुंजताना काही माणसे वाढतातही. त्यांनी 1996 साली या वाढीची पाच अंगे मांडली: स्वतःच्या बळाची ओळख, नव्या वाटा, माणसांशी जवळीक, जीवनाचे मोल आणि आंतरिक परिवर्तन. मात्र वेदना आणि वाढ एकाच मनात शेजारी-शेजारी राहतात. एक आली म्हणून दुसरी जात नाही.

म्हणून कोणाही जखमी माणसाला "यातून तुझे भलेच होईल" असे सांगू नका. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडल्या म्हणून पीक येत नाही. पाऊस पडतो म्हणून येते. तो पाऊस म्हणजे भोवतालची माणसे.

सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले आणि 1972 साली हायडलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पदक प्रत्येकाला मिळणार नाही. परंतु उपचार, काम आणि सोबत प्रत्येकाला मिळू शकते, आणि तो त्याचा हक्क आहे.

आपण काय करावे? तो बोलेल तेव्हा ऐकावे. बोलत नसेल तर खोदून विचारू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन योजनांची चौकशी करावी. 14416 या क्रमांकावर मनाच्या आजारासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. त्याला संकोच नको. आणि घरातील स्त्रीला विसरू नये. रात्रभर जागणारी ती माउलीही त्याच युद्धात होरपळते. तिलाही विसावा द्या, तिचेही ऐका.

दुःख आहे, हे प्रथम मान्य करावे. तथागतांनी तेथूनच आरंभ केला. तसबिरीला हार घालणे सोपे आहे. आज घरी गेल्यावर तिच्याखालच्या माणसाजवळ घटकाभर बसा.

जयभीम!